दूर राहून शिकलेली नर्स : बडोदे ते मिसूरी

मंडळी, आपल्या बडोदेकर मराठी माणसांच्या आठवणी निघाल्या की वकील, मास्तर, गवई, पैलवान, चित्रकार, राजवाड्यातले कारभारी यांच्यावर भरभरून लिहिलं जातं. नर्सवर कोणी लिहीत नाही. आपल्या घरांत नर्स नव्हत्या असं मात्र नाही. होत्या, पण त्यांची ओळख करून देताना "हॉस्पिटलमध्ये असते" एवढंच म्हणायची पद्धत होती. ऐकणाऱ्याने डॉक्टर समजला तर समजू द्यायचं. माझ्या धाकट्या भावाची मुलगी ही आमच्या घरातली पहिली नर्स. पुढे अमेरिकेत राहून, नोकरी सांभाळून, दूरशिक्षणाने ती नर्स प्रॅक्टिशनर झाली. हे नर्स प्रॅक्टिशनर प्रकरण काय आहे, ते कुठून आलं आणि घरी बसून ते शिकायचं म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हे मी जवळून पाहिलं. बँकेतल्या सवयीने नोंदीही ठेवल्या. त्या आता कुणाच्या तरी उपयोगी पडाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी आपल्याकडचा मागचा भाग. मराठी समाजात नर्सिंगकडे मुली वळल्या त्यात पुण्याच्या सेवासदनचा वाटा मोठा. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली ही संस्था उभी केली आणि तिच्यामार्फत मुली ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यात विधवा बऱ्याच असत. काम मोठंच होतं, पण त्यामुळे एक गोष्ट समाजाच्या डोक्यात पक्की बसली. ज्या बाईला दुसरा आधार नाही तिने हा मार्ग धरायचा. त्याच्या कितीतरी आधी, १८८६ साली, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या होत्या. त्यांचं नाव प्रत्येक घरात कौतुकाने घेतलं जाई. मुलगी डॉक्टर झाली तर आनंदीबाई, नर्स झाली तर "काय वेळ आली" असा सगळा हिशेब होता.

आमच्याकडे वेळच आली होती. भाऊ ज्या कारखान्यात होता तो ८०च्या दशकाच्या शेवटी बंद पडला. पुतणीला बारावी सायन्सला बरे मार्क होते, पण मेडिकलला पुरतील इतके नव्हते. नर्सिंगच्या जनरल डिप्लोमाला वसतिगृह होतं आणि महिन्याला थोडं विद्यावेतन मिळायचं. वहिनींनी कुणालाही न विचारता फॉर्म आणला आणि भरला. आमची आई तेव्हा हयात होती. तिने दोन दिवस वहिनींशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लोकांचं हागमूत काढायला पाठवतेस होय गं पोरीला?" वहिनी म्हणाल्या, "आई, तुमचंही कुणीतरी काढणारच आहे. ती शिकलेली असलेली बरी." आमच्या दांडिया बाजारच्या घरात सासूला असं उत्तर त्याआधी कोणी दिलेलं मला आठवत नाही.

वसतिगृहात निम्म्याहून जास्त मुली केरळच्या. आमची मुलगी सहा महिन्यांत थोडं मल्याळम बोलायला लागली, मोठ्या मुलींना "चेची" म्हणायला लागली. या मुलींकडे एक गोष्ट होती जी आमच्याकडे नव्हती. त्यांच्या घरात नर्स होणं ही लाज नव्हती, तो रस्ता होता. कुणाची मावशी कुवेतला, कुणाची बहीण जर्मनीत. परदेशात नर्सला काय लागतं, कुठल्या परीक्षा, कुठले कागद, ही माहिती त्यांना तोंडपाठ. आमच्या पुतणीला अमेरिकेचं वेड लागलं ते या चेचींमुळे.

१९९५ साली डिप्लोमा झाला, नोकरी लागली. स्थळं येत, आणि रात्रपाळीचं ऐकून परत जात. पुढे जावई चांगले मिळाले, ते सोडून द्या. तिने त्या काळात दुसरं एक काम केलं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने, म्हणजे इग्नूने, ९०च्या दशकात नोकरीतल्या डिप्लोमाधारक नर्ससाठी दूरशिक्षणाने बी.एस्सी. नर्सिंग सुरू केलं होतं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, घरी पुस्तकं यायची, ठरावीक दिवस अभ्यासकेंद्रावर जाऊन प्रात्यक्षिक करायचं. ती नोकरी करून बी.एस्सी. झाली.

इथे एक आडवळण घेतो. पोस्टाने शिकणं हे आम्हा बँकवाल्यांना नवीन नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स ही १९२८ची संस्था, तिची सी.ए.आय.आय.बी. परीक्षा आम्ही सगळे अशीच देत असू. मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि छोटा उदेपूरच्या बाजूला एका शाखेत पडलो. वीज जाई-येई. एका शिकवणी संस्थेकडून पोस्टाने टिपणं येत, मी उत्तरं लिहून पाठवी, तीन आठवड्यांनी लाल शाईत तपासून परत येत. पहिला भाग पास झाला की एक इन्क्रिमेंट, दुसरा झाला की दोन. ती तीन इन्क्रिमेंट माझ्या पेन्शनमध्ये आजही बसलेली आहेत. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८४०च्या सुमारास, टपाल स्वस्त झाल्याबरोबर, लघुलिपीचे धडे पोस्टाने शिकवायला सुरुवात केली. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम काढला. आणि आपल्या बडोद्याचं म्हणाल तर सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून आणले आणि ग्रंथालयांची अशी व्यवस्था लावली की पुस्तकांच्या लाकडी पेट्या रेल्वेने गावोगाव जाऊ लागल्या. शिकायला माणसाने शहरात यायचं, याऐवजी शिक्षणाने माणसाकडे जायचं, ही कल्पना आपल्या गावाच्या ओळखीची आहे.

आता अमेरिका. तिकडे परदेशी नर्सची कागदपत्रं आणि ज्ञान तपासायला १९७७ पासून एक वेगळी संस्था आहे, आणि राज्याचं लायसन्स मिळण्यासाठी एनक्लेक्स नावाची परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा संगणकावर होते आणि तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा की कठीण ते ठरतं, त्यामुळे दोघांना सारखा पेपर मिळत नाही. २००५ साली ही परीक्षा पहिल्यांदा अमेरिकेबाहेर द्यायची सोय झाली, तेव्हा केंद्रं होती लंडन, हाँगकाँग आणि सोल. भारतात नव्हतं. पुतणीने सोसायटीचं कर्ज काढलं आणि हाँगकाँगला जाऊन परीक्षा देऊन आली. त्या वर्षी अमेरिकेने नर्ससाठी जादा व्हिसा मोकळे केले होते, ते संपायच्या आत हिचा नंबर लागला. २००६ साली ती नवरा आणि मुलाला घेऊन मिसूरी राज्याच्या उत्तर टोकाला एका छोट्या गावच्या इस्पितळात रुजू झाली. आजूबाजूला मका, सोयाबीन आणि डुकरं. मराठी माणूस दीडशे मैलांत नाही.

तिथे तिने पहिल्यांदा नर्स प्रॅक्टिशनर पाहिली. रोग्याला तपासणारी, रक्ताच्या चाचण्या लिहून देणारी, निदान करणारी आणि औषधाची चिठ्ठी देणारी नर्स. डॉक्टर आठवड्यातून एकदा येई. पुतणीचा फोन आला, "काका, इथे नर्स औषध लिहून देते आणि लोक निमूटपणे घेतात!"

या पदाचा जन्म १९६५चा. कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य खात्याचा अनुभव असलेल्या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांत मुलांना तपासायला डॉक्टर नव्हते. फोर्डबाई स्वतः ग्रामीण भागात फिरलेल्या. त्यांचं म्हणणं असं की नर्स तिथे अर्धं काम आधीच करते आहे, तिला उरलेलं नीट शिकवा आणि तिच्या कामाला नाव द्या. विरोध डॉक्टरांकडून झाला तसा नर्सिंगच्या प्राध्यापकांकडूनही झाला. आपली माणसं डॉक्टरांच्या मदतनीस होतील अशी त्यांना भीती वाटत होती. फोर्डबाई १०४ वर्षं जगल्या आणि २०२५च्या जानेवारीत गेल्या. त्यांच्या हयातीत एका छोट्या वर्गापासून ही संख्या साडेतीन लाखांच्या पुढे गेलेली त्यांनी पाहिली.

याला कायद्याची आणि पैशाची साथ हळूहळू मिळत गेली, आणि मला त्यातला पैशाचा भाग जास्त कळतो. १९६५ सालीच तिकडे म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली, म्हणजे रोगी वाढले. १९७१मध्ये आयडाहो राज्याने पहिल्यांदा कायद्यात लिहिलं की अशी नर्स निदान आणि उपचार करू शकते. १९७७ला ग्रामीण दवाखान्यांचा कायदा झाला, त्यात अशा नर्सच्या कामाचे पैसे देण्याची तरतूद झाली. आणि १९९७च्या अर्थसंकल्पाच्या कायद्याने मेडिकेअर कुठल्याही ठिकाणी थेट नर्स प्रॅक्टिशनरच्या नावाने पैसे देऊ लागलं. दर ठरला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के. उरलेले १५ टक्के कशाचे कापले, हे मी पुतणीला विचारलं. ती म्हणाली, "पांढऱ्या कोटाच्या लांबीचे."

मुलगा मोठा झाला, धाकटीही शाळेत जाऊ लागली, तेव्हा २०११ साली तिने मास्टर्सचं मनावर घेतलं. सर्वांत जवळचं विद्यापीठ अडीच तासांवर. आठवड्यात बारा-बारा तासांच्या तीन रात्रपाळ्या. म्हणजे दूरशिक्षणाशिवाय मार्ग नाही. पहिल्याच विद्यापीठाने, ज्याचा अभ्यासक्रम स्वतः दूरशिक्षणाचा होता, तिचा अर्ज परत पाठवला. कारण काय, तर तिची भारतातली बी.एस्सी. दूरशिक्षणाची आहे! मी तो कागद वाचला आहे. बँकेत असताना आपल्याच शाखेचा ड्राफ्ट आपल्याच दुसऱ्या शाखेने नाकारल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही, चीड मात्र आली. दुसऱ्या विद्यापीठाने एवढंच सांगितलं की प्रात्यक्षिकाचे तास दाखवणारं पत्र आणा. त्या पत्रासाठी इथे मी आणि वहिनी किती खिडक्यांवर उभे राहिलो ते लिहीत नाही. पत्र मिळालं. २०१२च्या ऑगस्टमध्ये तिचं नाव दाखल झालं.

लोकांना वाटतं दूरशिक्षण म्हणजे घरात बसून आरामात पदवी. तर थोडं सविस्तर सांगतो.

पहिली दोन वर्षं मुख्यतः तीन मोठे विषय, ज्यांना त्या मुली तीन 'पी' म्हणतात : रोगाने शरीरात काय बिघडतं ते, औषधांचं शास्त्र, आणि रोगी नखशिखांत तपासण्याची पद्धत. व्याख्यानं संगणकावर, केव्हाही ऐका. पण दर आठवड्याला चर्चेत लिहिलंच पाहिजे, बुधवारपर्यंत स्वतःचं मत आणि रविवारपर्यंत दुसऱ्या दोघींच्या मतावर टिप्पणी, तीही पुराव्यानिशी. पुतणी रात्रपाळीहून सकाळी आठला येई, मुलांना शाळेत सोडी, चार तास झोपे आणि दुपारी अभ्यासाला बसे. जावई गोदामात काम करून स्वयंपाक शिकले. त्यांची आमटी उत्तम होते, हे इथे जाहीर करतो.

वर्षातून एकदा चार-पाच दिवस विद्यापीठात हजर राहावं लागे. तिथे पगारी माणसं रोगी होऊन बसलेली असत. एकाला छातीत दुखतंय असं नाटक, एक बाई दारू पिते पण कबूल करत नाही असं नाटक. विद्यार्थिनीने त्यांना प्रश्न विचारायचे, तपासायचं, आणि प्राध्यापक काचेपलीकडून पाहणार. ती म्हणे, "काका, नाटकातला रोगी खऱ्यापेक्षा अवघड. खरा तरी कंटाळून खरं सांगतो."

आम्ही दोघं २०१४च्या ऑगस्टपासून चार महिने तिच्याकडे होतो. परीक्षेच्या दिवशी संगणकाचा कॅमेरा चालू ठेवावा लागे. आधी तो कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवायचा, टेबलाखालीसुद्धा. कुठे कागद नाही, माणूस नाही, हे दूर बसलेला पर्यवेक्षक पाहणार. मध्येच दुसरा आवाज आला तर पेपरवर खूण होई. आम्हाला ताकीद होती, "दोन तास कुणी बोलायचं नाही, कुकरची शिट्टीसुद्धा नको." माझ्या पत्नीने त्या दिवशी वरणभात परीक्षेनंतर लावला आणि आम्ही तीन वाजता जेवलो.

खरी अडचण पुढे होती. नर्स प्रॅक्टिशनरला पुस्तकं कितीही पाठ असोत, अनुभवी माणसाच्या हाताखाली प्रत्यक्ष रोगी तपासण्याचे किमान ५०० तास त्या वेळी सक्तीचे होते. आता २०२२च्या नव्या निकषांप्रमाणे ते ७५० आहेत. तिच्या अभ्यासक्रमात ६३० होते, तीन सत्रांत २१० प्रमाणे. शिकवणाऱ्याला तिकडे प्रिसेप्टर म्हणतात. आणि हा प्रिसेप्टर शोधायचा कुणी? तर विद्यार्थिनीने. विद्यापीठ फी पूर्ण घेणार आणि गुरू मात्र ज्याचा त्याने शोधायचा. दूरशिक्षणाच्या पुष्कळ अभ्यासक्रमांत तेव्हा हीच रीत होती. शहरातल्या मुलींना ओळखी असतात. मक्याच्या शेतात राहणाऱ्या बडोद्याच्या मुलीला कोण ओळखणार?

पहिलं सत्र तिच्याच इस्पितळातल्या मुलांच्या डॉक्टरांनी सांभाळून घेतलं. पुढच्या दोन सत्रांसाठी तिने ४३ जणांना लिहिलं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी सांगितलं की विद्यार्थिनी बरोबर असली की दिवसाला चार रोगी कमी होतात, परवडत नाही. यात तथ्य होतं, शिकवण्याचे पैसे त्यांना कोणी देत नव्हतं. एका ठिकाणाहून भली मोठी रक्कम मागितली गेली. जुलै संपत आला. सत्र सुरू व्हायच्या आत नाव दिलं नाही तर सत्र जाणार, ते गेलं तर पुढचं एक वर्ष जाणार, आणि इस्पितळाकडून मिळणारी फीची मदत थांबणार. मालकाने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत तिकडे करमुक्त असतात, ती तेवढीच मदत घेत होती आणि बदल्यात दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा करार होता. बाकीचं कर्ज. मी इथून तिला फोनवर व्याजाचे आकडे सांगत होतो आणि ती म्हणत होती, "काका, आकडे नकोत, माणूस द्या."

माणूस मिळाला तो ७० मैलांवर. एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या, साठीच्या पुढच्या एक नर्स प्रॅक्टिशनर बाई. पत्राला उत्तर न आल्याने पुतणी थेट जाऊन त्यांच्या दारात उभी राहिली. बाईंनी विचारलं, "घोड्यावर आलीस का?" हिला काही कळेना. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सोमवारपासून ये.

घोड्याचा अर्थ नंतर कळला, आणि तो सांगण्यासारखा आहे. या बाई शिकल्या होत्या केंटकी राज्यातल्या फ्रंटियर संस्थेत. ती संस्था मेरी ब्रेकिन्रिज यांची. घराणं मोठं, आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष. पण बाईंची दोन्ही मुलं लहानपणीच गेली. त्यांनी नर्सिंग केलं होतंच, इंग्लंडला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं आणि १९२५ साली केंटकीच्या डोंगराळ लेस्ली परगण्यात काम सुरू केलं. रस्ते नव्हते. त्यांच्या नर्स घोड्यावरून ओढे ओलांडून बाळंतपणाला जात. सुरुवातीच्या बऱ्याच जणी इंग्लंडमध्ये शिकलेल्या. १९३९ला युद्ध सुरू झालं, ब्रिटिश नर्स मायदेशी परतल्या, तेव्हा बाईंनी तिथेच शाळा काढली. १९७०मध्ये त्या शाळेने कुटुंबाच्या सर्व वयांच्या माणसांना पाहणारी नर्स तयार करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. आणि १९८९ साली दूरशिक्षण. विद्यार्थिनीने थोडे दिवस केंटकीला यायचं, मग परत आपल्या गावी जाऊन अभ्यास आणि तिथल्याच प्रिसेप्टरकडे प्रात्यक्षिक. हेतू अगदी साधा. खेड्यातली नर्स शिकायला शहरात गेली की परत येत नाही. तिला तिच्या गावात ठेवूनच शिकवा, म्हणजे गावाला ती मिळेल. आपल्याकडे बदल्यांची आणि सक्तीच्या ग्रामीण सेवेची एवढी चर्चा होते, त्यात हा विचार मला फारसा ऐकू येत नाही.

ब्रेकिन्रिज बाईंनी १९५२च्या आपल्या आत्मचरित्रात या कामाच्या वाढीला वडाची उपमा दिली आहे. पारंब्या जमिनीला टेकतात, त्यांची झाडं होतात, एका झाडाचं रान होतं. पुढे दूरशिक्षणाच्या विद्यार्थिनी संगणकावर ज्या सूचनाफलकावर भेटत त्याला नावच 'बन्यन ट्री' होतं. प्रिसेप्टरबाईंनी हे सांगितल्यावर पुतणी म्हणाली, माझ्या गावाच्या नावातच वड आहे. आणि मी त्यात भर घातली की हा इंग्रजी 'बन्यन' शब्दही मूळ आपल्या गुजरातेतला, वडाखाली बसून व्यापार करणाऱ्या वाणियांवरून झाडाला पडलेला. बाईंनी ते कागदावर लिहून भिंतीला लावलं, असं कळलं.

त्या दोन सत्रांत पुतणीने ४२० तास भरले. मी हिशेब केला : आठ तासांचा दिवस धरून ५३ दिवस, रोज जाऊन-येऊन १४० मैल, म्हणजे साधारण १२,००० किलोमीटर. दूरशिक्षणातलं 'दूर' ते हे! हिवाळ्यात रस्त्यावर बर्फाचा काच तयार होतो. जावई गाडीत फावडं, घोंगडी आणि वाळूची पिशवी ठेवून देत. प्रत्येक रोग्याची नोंद करावी लागे : वय, तक्रार, निदानाचा सांकेतिक क्रमांक, किती मिनिटं, किती भाग स्वतः केला. चार महिने मी तिच्यासाठी त्याची रोजकीर्द ठेवली. एका आठवड्यात विद्यापीठाच्या यंत्रणेत आणि माझ्या वहीत साडेतीन तासांचा फरक निघाला. वही बरोबर होती. तिचे तास तिला परत मिळाले, आणि निवृत्तीनंतर माझं बॅलन्स जुळल्याचा तेवढा एकच आनंद.

प्रिसेप्टरबाई काय शिकवत? एक सांगतो. एक म्हातारा शेतकरी मधुमेहाचा. पुतणीने औषध वाढवायचं सुचवलं, पुस्तकाप्रमाणे बरोबर. बाईंनी तिला सांगितलं, आधी त्याला बूट काढायला लाव. पायाला जखम होती, त्याला पत्ता नव्हता. मग विचारायला लावलं, औषध घेतोस का? तो म्हणाला, एक दिवसाआड, महाग आहे. औषध वाढवलं नाही. तेच औषध कमी किमतीत कुठे मिळेल ते पाहिलं आणि दर आठवड्याला पायाला पट्टी बांधायला बोलावलं. "नर्स होतीस ते विसरायला आली नाहीस इथे," हे बाईंचं वाक्य पुतणी अजून सांगते.

२०१५च्या मेमध्ये पदवी, उन्हाळ्यात राष्ट्रीय परीक्षा पास. निदानाचे जे सांकेतिक क्रमांक तीन वर्षं पाठ केले होते ते त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून देशभर बदलले, नवी यादी आली. ती म्हणाली, सगळ्यांबरोबर मीही पहिलीत.

आता कायद्याची गंमत पाहा. मिसूरीत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरबरोबर लेखी करार करावा लागतो आणि त्या डॉक्टरने दर १४ दिवसांनी तिच्या किमान दहा टक्के केसपेपर तपासायचे असतात. आमच्याकडे शाखेत कन्करंट ऑडिट असे, तसंच. तिच्या गावापासून ३० मैलांवर आयोवा राज्याची हद्द. हद्दीपलीकडे तीच पदवी, तीच परीक्षा, आणि करार नको, ऑडिट नको. आज निम्म्याहून जास्त राज्यांत आयोवासारखा कायदा आहे. एका रेघेने माणसाचं काय-काय बदलतं हे आपल्यातल्या बेळगाव-निपाणीकडच्या मंडळींना मी काय सांगणार! तिला पलीकडून नोकरी आली होती. गेली नाही. तिच्या दवाखान्यात दिवसाला १८-२० रोगी असतात, आणि डॉक्टरमहाशय चांगले आहेत, सह्या वेळेवर करतात.

आपल्याकडे काय आहे, असं मला बरेच जण विचारतात. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला आहे, तो इस्पितळात राहून करायचा, दूरशिक्षणाने नाही. पण उपकेंद्रांवर जे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर नेमले जातात, त्यांच्यासाठी नर्सना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे आणि तो चालवण्यात इग्नूच आहे. २०१९च्या वैद्यकीय आयोग कायद्यात अशा आरोग्यसेवकांना मर्यादित औषधं देण्याचा परवाना ठेवला, तेव्हा डॉक्टर मंडळी रस्त्यावर उतरली होती. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंचं थोडं खरं आहे. सहा महिन्यांत निदान शिकता येत नाही हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर. पण ज्या गावात तो डॉक्टर जाणारच नाही त्या गावाने काय करायचं, याचं उत्तर त्या मोर्चात मला दिसलं नाही. पुतणीच्या अभ्यासक्रमात तीन वर्षं आणि ६३० तास लागले, त्याआधी नर्स म्हणून सोळा-सतरा वर्षं गेली होती. तुलना करताना एवढं लक्षात ठेवावं.

आमची आई १९९८ साली गेली. शेवटचे सात महिने अंथरुणावर होती आणि तिचं सगळं पुतणीने केलं, रात्रपाळी सांभाळून. आईने तिला त्या काळात "सिस्टर" म्हणायला सुरुवात केली होती, घरातल्या घरात, अगदी गंभीरपणे.

मंडळी, तुमच्या घरात, ओळखीत बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा इकडे नर्स झालेल्या आजी, मावश्या, आत्या असतील तर त्यांची शिकण्याची हकीकत जरूर लिहा. कुठल्या साली, कुठे, विद्यावेतन किती, वसतिगृहात जेवण काय, घरचे काय म्हणाले. फोटो असेल तर उत्तम. जुने टोपीतले फोटो आमच्याकडे एकच आहे, तो वहिनी शोधून देणार आहेत, मिळाला की टाकतो.